पायऱ्या बुजवल्या ते वर्ष

मोखाड्याजवळच्या त्या पाड्यावर मी गवंड्याच्या हाताखालचा गडी म्हणून गेलो. शाळा तिसरीतच सुटलेली, घर पार घाटावर, कऱ्हाडच्या बाजूला. संस्थानच्या डॉक्टरांनी तिथली पायऱ्यांची विहीर बंद करायला लावली होती. पायऱ्या दगडमातीनं बुजवायच्या, कठडा बांधायचा, वर दोर-बादलीचा रहाट बसवायचा. कारण एकच, नारू. दुखऱ्या पायानं माणूस पाण्यात उतरला की नारूची पिल्लं पाण्यात सुटतात, ते पाणी पिणाऱ्याच्या पोटात जातात आणि वर्षभरानं त्याच्या पायातून दोऱ्यासारखा नारू निघतो, असं डॉक्टरांनी समजावलं. जाताना मला बजावलं, "यंदाही निघेल. तो गेल्या सालच्या पाण्याचा. खरं काय ते पुढच्या उन्हाळ्यात कळेल. तोवर पायऱ्या उघडू देऊ नकोस."

गवंडी परतला, रहाट सांभाळायला मी राहिलो. लगेच हिवतापानं धरलं. ज्या घरी उतरलो होतो तिथल्या बाईनं, मी तिला मावशी म्हणे, नाचणीची आंबील पाजून पाजून मला उठवलं. परक्या पोरासाठी कोण एवढं करतं?

चैत्र लागला आणि मावशीच्याच घोट्यावर नारूचा फोड आला. पाठोपाठ आणखी घरांत. पायाची नुसती आग. पूर्वी अशी माणसं पायरीवर बसून पाण्यात पाय सोडत, तेवढाच थंडावा. आता तोही गेला. विहिरीतली देवी कोंडली, ती कोपली, असं लोकांनी ठरवलं.

"तुझा रहाट आला नि नारू दुप्पट झाला," पाड्याचा कारभारी म्हणाला.

"हा मागल्या सालचा आहे, बाबा."

"मागल्या सालच्या भाताची पेज होऊन गेली, नि नारू तेवढा शिल्लक राहिला काय?"

सगळे हसले. मला हसू येईना. पोटातला किडा वर्षभर दम कसा धरतो, हे मला तरी कुठं कळत होतं? डॉक्टरांचा शब्द खोटा निघाला तर?

पावसाआधी पायऱ्या मोकळ्या करायच्या, असं बोलणं सुरू झालं. एका दुपारी मावशीनंही विनवलं, "पोरा, एक पायरी उघड रे. पाय तेवढा बुडवते."

जिनं मला जगवलं तिला नाही म्हणायला जीभ रेटेना. मी पाणी शेंदून अंगणात तोंड फुटलेल्या माठात ओतलं, तिचा पाय त्यात ठेवला आणि नंतर ते पाणी लांब माळावरच्या खड्ड्यात टाकून आलो. मग दुखणं असेल त्या प्रत्येक घरी तेच. "रहाटवाल्याचा पाणक्या झाला!" बाया चिडवत. चिडवोत. विहिरीत कुणी उतरलं नाही म्हणजे झालं.

तरी माणसं पहारी घेऊन आलीच. मावशी काठी टेकत कठड्यापाशी आली. अर्धा निघालेला नारू काडीला गुंडाळून पायाशी बांधलेला. म्हणाली, "पाय माझा जळतो, मी थांबते. तुम्हाला कसली घाई?" कारभारी पुटपुटला, पण परत गेला.

त्या साली मावशीला भातलावणीला उतरता आलं नाही. नवरा एकटा किती लावणार? निम्मं खाचर पडून राहिलं. त्या घराचा घास मीच काढला असं वाटे. पुढच्या वर्षी पुन्हा फोड आला असता, तर कोणत्या तोंडानं तिथं जेवायला बसलो असतो?

वर्षभर मी माणसांच्या चेहऱ्यांकडे कमी नि पायांकडे जास्त पाहिलं. पुन्हा चैत्र आला. कारभाऱ्याच्या भावाला नारू निघाला आणि त्या रात्री मी जेवायला बसलोच नाही. मागून कळलं, मागचा अख्खा उन्हाळा तो लांबच्या जंगलात लाकूडतोडीला होता, तिथल्या डबक्याचं पाणी पीत होता. बाकी कुणाला नाही. पण वैशाख जायचा होता, जेठ जायचा होता.

लावणी आली तशी मावशी खाचरात उतरली. मी बांधावर रोपांच्या जुड्या घेऊन उभा.

"माझ्या पायाकडं काय बघस?" ती ओरडली. "जुडी टाक इकडं, हात रिकामे झाले!"

मी जुडी टाकली. तिनं चिखलातून पाय उचलला की नजर तरी घोट्यावर जाईच.