पाट्या संपेपर्यंत

सिनेमाच्या शेवटी पाट्या सुरू झाल्या रे झाल्या की उठायचं, ही सवय मी ठाण्याहून कॅनडात, सस्काटूनला आणली. इथे तिला निमित्तही मिळालं, आधी जाऊन गाडी गरम करायची असते. त्या रविवारी दुपारी असाच घाईने उठलो आणि माझ्या फुगीर जॅकेटच्या धक्क्याने शेजारच्या गोऱ्या आजींचे पॉपकॉर्न त्यांच्याच मांडीवर सांडले.

"सॉरी, सॉरी!"

आजींनी पॉपकॉर्नकडे पाहिलंही नाही. "बसा ना थोडं," त्या म्हणाल्या. "हे गाणं माझ्या नवऱ्याने वाजवलंय."

मी बसलो. बायको तर उठलीच नव्हती.

सिनेमा उदास होता, गाणं त्याहून उदास. संथ ब्लूज, आणि मधेच गिटार अशी गरगरायला लागली की मला होळीत चुकून प्यायलेली भांग आठवली. आजी डोळे मिटून गुडघ्यावर ताल धरत होत्या. एका जागी गिटार थांबली, तशी त्यांनी माझी बाही धरली.

"आता ऐका. पुन्हा सुरू करायच्या आधी तो श्वास घेतो."

खरंच, कुणीतरी श्वास घेतला.

"घरी रेकॉर्ड असेल ना?" मी विचारलं.

"आहे की. पण तो गेल्यापासून घरी मी एकटीच ऐकते. इथे माणसं असतात म्हणून येते, तर सगळे नेमके याच वेळी उठतात."

दिवे लागेपर्यंत आम्ही तिघंच उरलो होतो.

गाडी गारठलेली होती. बायकोने हातमोज्यांत फुंकर मारली. मग म्हणाली, "अहो, तुम्हाला गाता येत नाही, वाजवता येत नाही. आज तुमचं घोरणंच रेकॉर्ड करून ठेवते."