दोर मेहुण्याच्या हातात

धाकलूला उंचीची भीती नाही, हे लोधिवलीतलं शेंबडं पोरसुद्धा सांगायचं. एरवी त्याच्यात सांगण्यासारखं काही नव्हतं. भाताच्या लावणीला अंगचोर, बोलायला तुसडा, लग्नाच्या पंगतीत मात्र पहिला. पण चैत्रात माथेरानच्या बाजूच्या कड्यांना आग्या मोहोळं लोंबायला लागली की गावाला मध आठवायचा आणि मधाबरोबर धाकलू. कमरेला दोर बांधून तो कड्यावरून असा खाली जायचा की बघणाऱ्यानंच डोळे मिटावेत.

त्या कड्याचा कायदा एकच. उतरणाऱ्याचा दोर वर त्याच्या बायकोच्या भावानं धरायचा. सख्ख्या भावाचं बांधावरून बिनसतं, मित्राचं तर कशावरूनही. मेहुणा मात्र दोर सोडायचा नाही, कारण सोडला तर त्याचीच बहीण कपाळ पुसून त्याच्या दारात येऊन बसेल. आणि उतरणाऱ्यानं वर बघायचं नाही. वर बघणं म्हणजे मेहुण्यावर संशय घेणं.

धाकलूचा दोर गजा धरायचा. गजा हा बायजाचा, म्हणजे धाकलूच्या बायकोचा, धाकटा भाऊ. आई लवकर गेली तेव्हा बायजानंच त्याला कडेवर घेऊन वाढवलेला. मनगटाचा दणकट, पण उंचीला असा भ्यायचा की दोर धरतानासुद्धा कड्याकडं पाठ करून बसायचा. धाकलू त्यावरून त्याची टर उडवायचा, आणि गजा हसून सोडून द्यायचा.

पंचेचाळीस साली लढाई थांबली. मुंबईत समुद्राकाठी एक मोठं हॉटेल होतं, सहा माळ्यांचं. लोधिवलीत माळा म्हणजे पेंढा टाकायची जागा; तिथं माळ्यावर गोरे साहेब राहत. बॉम्बच्या धास्तीनं वरच्या काचांना बाहेरून काळा रंग फासला होता, तो आता खरवडून काढायचा होता. फासताना बांबूची परांची बांधली होती. आता हॉटेल भरलेलं, आणि समुद्र बघायला आलेल्यांच्या डोळ्यांपुढं बांबू नकोत असा मालकाचा हट्ट. चौक गावचा मुकादम आबाजी छाती काढून म्हणाला, "आमच्याकडं कड्यावरनं उतरनारा मानूस हाय." अशी धाकलू आणि गजाची वरात मुंबईला निघाली. बादली-पाण्याला सोबत कळंबचा मोरू.

आता धाकलूच्या पोटातली गोष्ट सांगायला हवी, कारण त्यानं ती बायजाला सांगितली नव्हती. लग्नाला बरीच वर्षं होऊनही तिला मूल नव्हतं. धाकलूची आई सोनुबाई उठता-बसता त्याचे कान भरायची. शेवटी तिनं कळंबची एक मुलगी बघितली आणि धाकलूनं मुंडी हलवली. मार्गशीर्षात दुसरं लग्न उरकायचं आणि नवी बायको दारात आणून उभी केली की बायजाला आपोआप कळेल, असा त्या मर्दाचा बेत होता. कड्याला न भिणारा हा गडी बायकोशी दोन शब्द बोलायला भ्याला. अशा माणसाला शूर म्हणायचं तरी कसं?

हॉटेलच्या गच्चीवर एक लोखंडी खांब होता. त्याला दोराचे वेढे देऊन टोक गजा हातात धरायचा. खालून एक हिसका आला की दोर सैल सोडायचा. धाकलू फळीवर बसून पत्र्याच्या खरवडणीनं काचा साफ करायचा. रंग निघाला की आतली खोली उघडी पडायची. एकट्या माणसाला चार उशा! एका मडमेनं काचेत त्याचं तोंड बघून किंकाळी फोडली आणि पडदा ओढला, तेव्हा लाज धाकलूलाच वाटली.

काम संपत आलं होतं. भर दुपारी धाकलू शेवटच्या रांगेत उतरला. वर गच्चीवर मोरूला चेष्टा सुचली. घरच्या घरात ठाऊक असेलच, असं त्या भोळ्याला वाटलं.

"जपून सोड रं गजा! आमच्या कळंबची पोरगी नवरदेवाची वाट बघतेय. मार्गशीर्षात लगीन हाय!"

वाऱ्यावरून शब्दन् शब्द खाली आला. धाकलूची खरवडणी थांबली. त्यानं दोराला हिसका दिला. दोर सैल झाला नाही. पुन्हा हिसका दिला. काहीच नाही. पायांखाली फक्त वारा आणि तळाला रस्त्यावरच्या घोडागाड्या.

मग धाकलूनं जन्मात केलं नव्हतं ते केलं. त्यानं वर बघितलं. कठड्यावरून गजाचं तोंड डोकावत होतं. कधी खाली न बघणारा गजा खाली बघत होता.

"दाजी, मोरू बोलतो तं खरं काय?"

हा दोर ज्या कारणानं गजाच्या हातात होता, ते कारण आपणच आपल्या हातानं तोडलंय, हे धाकलूला इतक्या उंचावर लटकताना कळलं. बायजाच्या डोक्यावर सवत आली, तर गजानं आपल्याला कशासाठी जपायचं?

"नाय रं! खोटं हाय! बायजाची आन!"

"आन घालू नका," गजा वरून म्हणाला. "दोरावरच्या मानसाचं बोलनं मी धरीत नाय. वर या, मंग सांगा."

आणि त्यानं दोर खेचायला सुरुवात केली. ते खेचणं धाकलूला संपेसंच वाटेना. शेवटी पाय गच्चीला टेकले. गजानं दोर सोडवला आणि तेच पुन्हा विचारलं.

धाकलूला मान वर करवेना. "खरं हाय," तो म्हणाला.

आता कानशिलात बसणार म्हणून त्यानं डोळे मिटले. उघडून बघतो तर गजा तोच दोर स्वतःच्या कमरेला बांधत होता.

"एक काच रायलीय. मी उतरतो. तुमी धरा."

"खुळा झालास काय रं? तुला कुठं येतंय?"

"बायजाला भाऊ मी एकटाच," गजा म्हणाला. "मी गेलो की तिला म्हायेर नाय. तुमाला जाब विचारनारं कोन नाय. मंग खुशाल आना कळंबची."

दोराचं टोक त्यानं धाकलूच्या हातात दिलं, डोळे गच्च मिटले आणि कठड्यावरून खाली सरकला.

दोर ताणला. इतकी वर्षं धाकलू दोराच्या खालच्या टोकाला होता. वरच्या टोकाला माणूस किती जड लागतो हे त्याला ठाऊकच नव्हतं. आणि खोटं कशाला बोला, पळभर तो विचार त्याच्या मनात आलाच. हात सैल सोडले तर सगळंच सोपं होईल. त्या विचारानं तो स्वतःलाच एवढा भ्याला की त्यानं दोन्ही मुठी आवळल्या त्या आवळल्याच.

खालून गजाचा रडवेला आवाज आला. "दाजी, सोडा की जरा! काच अजून खाली हाय!"

"नाय सोडत!" धाकलू ओरडला. "वर ये! वर ये रं बाबा!" आणि मोरूला शिव्या घालत, मोरूच्याच मदतीनं त्यानं गजाला वर ओढला.

गजा गच्चीवर पडून ओकला. धाकलू त्याच्या पाठीवरून हात फिरवत मोरूला म्हणाला, "कळंबला सांग, धाकलू येत नाय म्हनावं." त्या दिवशी पुन्हा कोणी खाली उतरलं नाही. ती काच काळीच राहिली, आणि आबाजीनं तिघांचाही यथेच्छ उद्धार केला.

कळंबला नकार गेल्याचं कळल्यावर सोनुबाईनं पुढं घर डोक्यावर घेतलं ते निराळंच. लोधिवलीत परतल्या दिवशी धाकलू आत गेला तर दाराआड बायजाचं गाठोडं बांधलेलं होतं. तिला केव्हाच कळलं होतं. नवऱ्याच्या तोंडून कळायची तेवढी ती वाट बघत होती.

"कळंबची कदी येनार?" तिनं चुलीपुढून न वळता विचारलं.

धाकलू गाठोड्यापाशी उभा राहिला. माफी मागायची त्याला सवय नव्हती.

"कोन येत नाय," तो म्हणाला. "दोर धरायला मला गजाच पायजे."

बायजा उठली. तिनं गाठोडं सोडलं आणि आतलं लुगडं पुन्हा वलणीवर टाकलं.