होडीच्या पुढच्या टोकाला

होडीची मागची बाजू कापायचं ठरवलं ते भावानं. अंधेरीच्या खाडीकाठच्या आमच्या कोळीवाड्यात बाबांची शिडाची होडी होती, आणि गुडघे गेल्यापासून त्यांना जमणारं एकच काम तिच्यावर उरलं होतं. मागे बसून सुकाणू धरायचं. जाळं टाकायचा, ओढायचा तो भाऊ. मागच्या बाजूबरोबर सुकाणूही गेलं असतं तर बाबांना घरी बसावं लागलं असतं, आणि घरी बसलेला नवरा आपल्याला परवडणार नाही, असं आईनं आधीच सुनावून ठेवलं होतं.

भावाला इंजिन हवं होतं. वारा पडला की दोघं खाडीच्या तोंडाशी ताटकळायचे आणि मासळी बाजारात उशिरा पोचायची, त्यामुळे त्याचं म्हणणं रास्तच होतं. सुतारानं मागचं निमुळतं टोक कापून तिथं जाड फळी उभी केली, साकीनाक्याच्या एका वर्कशॉपमधून इंजिन टांगायची लोखंडी चौकट आली, सुकाणू जरा बाजूला सरकलं. शीड तसंच राहिलं. मी लग्नानंतर बोरीवलीला राहते. होडी पाण्यात घालायच्या दिवशी मुद्दाम गेले.

होडी मागे बसली. इंजिन मागे, भाऊ मागे, बाबाही मागे. पुढचं टोक इतकं वर आलं की काठावरचे लोक हसायला लागले. मागच्या फळीवरून पाणी आत येत होतं. भावानं जाळं आणि बर्फाची पेटी पुढे सरकवली, तशी ती सरळ झाली. त्याला वाटलं, जमलं.

बाबा सुकाणू सोडून उठले.

"जालं पान्यात गेलं का तोंड परत वर येल," ते म्हणाले. "मी बसतो पुढं."

इंजिनाची दोरी ओढायला बाबांचा खांदा चालत नव्हता, म्हणजे मागे भाऊच लागणार होता. मला त्याचा राग आला. रागवण्यासारखं त्यानं काही केलं नव्हतं, तरी आला. बाबा फळ्या धरत पुढे गेले आणि पाठ समुद्राकडे करून, भावाकडे बघत बसले. पुढे बरेच दिवस ते तसेच बसायचे आणि तिथून सूचना देऊन त्याचं डोकं खायचे.

मग रुळले. साखर वाढली म्हणून डॉक्टरांनी वजन उतरवायला सांगितलं, तेव्हा त्यांनी आईपुढे पुन्हा भाताचं ताट सरकवलं.

"मी बारीक झालो तर होडी कोन दाबनार?"

आईनं कपाळाला हात लावला आणि भात वाढला.

गेल्या वर्षी ते आजारी पडले आणि निम्मे झाले. जरा बरं वाटल्यावर हट्टानं परत निघाले. त्या सकाळी मी काठावर होते. ते पुढे जाऊन बसले, तरी होडीचं तोंड वरच राहिलं. भाऊ उतरला, एक गोणी वाळूनं भरून आणली आणि त्यांच्या पायाशी ठेवली. होडी सरळ झाली. मला तिथं उभं राहवेना.

बाबांनी गोणी हातानं दाबून पाहिली, वाकून तिची सुतळी आवळली.

"दुसरी पन भरून ठेव," ते म्हणाले.

भावानं मान डोलावली आणि इंजिनाची दोरी ओढली.