भैरूची हिरवी वायर

भैरू चंदगडकडचा. डिचोलीच्या इंडस्ट्रियल इस्टेटीत, आमच्या सरबताच्या कारखान्यात बावीस वर्षं वायरमन. इतक्या वर्षांत त्याच्या कामामुळे कुणाला झटका बसला नाही, आणि या एका गोष्टीचा त्याला भारी माज होता. असू दे की. दुसरं होतं काय त्याच्याजवळ? मी सुमंगला, धारगळची, बाटल्या भरायच्या मशीनवर. ते मशीन चालवणारा कंप्युटर माझ्याच बाजूच्या लोखंडी पेटीत, म्हणून भैरूचं काम मी जवळून बघितलंय.

पेटी उघडण्याआधी खटका बंद, फ्यूज काढून खिशात. टेस्ट लॅम्प आधी चालू सॉकेटवर पेटतो का बघायचा, मगच पेटीत लावायचा. पावर सप्लायला तीन वायरी जोडताना हिरवी, म्हणजे अर्थिंगची, तो चार बोटं जास्त लांब ठेवायचा. म्हणायचा, "केबल कुणी ओढली तर ही सगळ्यांत शेवटी सुटू दे, ताई. मशीन बंद पडलं तर पडू दे."

हे सगळं त्याने गोकुळदासला शिकवलं. गोकुळदास आमच्याच वाड्यावरचा, मला इथे कामाला त्यानेच लावलं. दोघं एक उंडो पाव मोडून खायचे. गोकुळदास सुपरवायझर झाला तेव्हा पेढे भैरूने वाटले. वेडा माणूस.

एप्रिलात ब्रेकर सारखा पडायला लागला. भैरू म्हणाला, पावर सप्लायमधून आतल्या आत करंट गळतोय, नवा येईपर्यंत मशीन बंद ठेवा. एवढं बजावून तो पुतणीच्या लग्नाला गावी गेला. दुसऱ्या दिवशी गोकुळदासने पेटी उघडली आणि हिरवी वायर पक्कडीने कापून टाकली. गळणारा करंट जमिनीत जायची वाटच तुटली; ब्रेकर पडायचा थांबला, मशीन सुरू. पेटी न उघडता, नुसता खटका खाली-वर करून चालू केलं, असं त्याने साहेबांना सांगितलं; त्यांनी त्याची पाठ थोपटली. मी विचारायला गेले तर म्हणतो, "सुमंगला, तू कायच बघूक नाय हां."

दोन दिवसांनी ओल्या हाताने मी त्या पेटीला टेकले. गळती माझ्या अंगातून गेली. ब्रेकर पडला म्हणून जगले, पण आपटले आणि मनगट मोडलं. मला उचलायच्या आधी त्या मेल्याने हिरवी वायर परत जोडून टाकली.

भैरू आल्यावर चौकशी झाली. गोकुळदास साहेबांना सांगतो, "भैरूने हिरव्या वायरीचा स्क्रू सैल सोडला होता. हिला झटका बसल्यावर मी आवळला." भैरूने पेटीत वाकून बघितलं. हिरवी वायर तिघींत आखूड, ताणून बसवलेली. "ही मी जोडलेली न्हवं," तो म्हणाला. साहेबांना त्यातलं काय कळणार? गोकुळदासला कळलं. मलाही कळलं.

साहेबांनी मला विचारलं, "भैरू गावी गेल्यापासून तुला झटका बसेपर्यंत दुसऱ्या कुणी पेटी उघडली होती का?" भैरू माझ्याकडे बघत होता. प्लास्टरातला हात मांडीवर घेऊन मी म्हणाले, "मला ठाऊक नाही."

त्याच दिवशी त्याला काढलं. वर निष्काळजी असा शेरा, म्हणजे इस्टेटीत दुसरं कोणी दारात उभं करणार नाही. जाताना तो माझ्याजवळ थांबला. "हात लई दुखतोय का, ताई?" एवढंच विचारलं. मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

शिव्या मी घालते, रोज, मनातल्या मनात, गोकुळदासला. त्याच्याच स्कूटरवर मागे बसून.