दोन्ही काठांची पाळत

आमचे सासरे पाणी हुंगल्याशिवाय पीत नसत. तांब्या मी दिलेला असो की सासूबाईंनी, आधी नाकाशी जायचा. वळ गावाहून लग्न होऊन खाडीकाठच्या कशेळीला आले तेव्हा मला याचा असा राग आला, की वाटलं, सरळ विचारावं, ‘बाबा, सून आणलीत की चोर?’ पुढे पाहिलं, तर स्वतः भरलेलं पाणीही ते हुंगूनच प्यायचे. मग राग ओसरला.

एकोणीसशे सत्तरच्या पुढची ती वर्षं. भिवंडीत माग खडखडत होते आणि त्या कापडाला रंग देणाऱ्या शेड खाडीच्या दोन्ही काठांवर उभ्या राहत होत्या. जागा गावकऱ्यांची, भाडं गावकऱ्यांना, रंगाचं पाणी खाडीला. एक शेड आमच्याही जागेत होती आणि तिच्या भाड्यावर घर चालायचं. खाडीतली कोळंबी मात्र दिसेनाशी झाली. बायका रिकाम्या टोपल्या घेऊन परतू लागल्या.

उपाय सगळ्यांना ठाऊक होता. शेडवाल्याने खड्डा खणायचा, रंग तळाशी बसू द्यायचा, मग वरचं पाणी सोडायचं. पण आधी कोणी? बाबा म्हणत, “आपन ताणलं तं शेडवाला पल्याड जायाचा. भाडं त्यांना, नि घान आपल्याला.” पलीकडच्या गावात बाबांच्याच वयाचे एक गृहस्थ होते, सगळे त्यांना दादूस, म्हणजे दादा, म्हणत. तेही आपल्या गावाला हेच सांगत, असं नंतर कळलं.

शेवटी बाबांनीच तोड काढली. भरतीचं पाणी अडवणाऱ्या खारजमिनीच्या बांधाची आमची जुनी रीत अशी, की आपल्या वाट्याचा बांध आपण लिंपायचा, पण तपासायचा शेजाऱ्याने, कारण फुटला तर बुडणार तो. बाबा म्हणाले, “खाडीलाबी तसाच. आमचा काठ तुमी बघा, तुमचा आमी.” देवळात नारळ फुटला, दोन्हीकडे खड्डे झाले आणि बाबा होडीने पलीकडे चकरा मारू लागले. दादूस लबाड आहे याची त्यांना खात्रीच होती.

एका दुपारी दादूसच आमच्या अंगणात उभे. “चल, दाखवतो,” म्हणाले. बाबा तणतणत निघाले, मागून मी. आमच्याच शेडमागे चिखलात दडवलेल्या नळातून लालभडक पाणी खाडीत पडत होतं. “ह्यो नल तूच घातलास!” बाबा दादूसवर ओरडले. मग नळ कुठून आलाय ते त्यांनी पाहिलं आणि मान खाली घातली. साऱ्या जगाचा संशय घेणाऱ्या या माणसाने स्वतःच्या भाडेकरूकडे कधी वळूनही पाहिलं नव्हतं. मला त्यांची फार दया आली.

त्याच दिवशी त्यांनी शेड रिकामी करायला लावली. “आता दादूस त्याला जागा देनार, बघ,” मला म्हणाले. भाडेकरू खरंच पलीकडे गेला. दादूसनी त्याला चहा पाजला आणि परतीच्या होडीत बसवलं. बाबांना हे काही केल्या पटेना. कितीतरी दिवस ते पलीकडच्या एकेका शेडमध्ये डोकावून येत. घरात ओढाताण झाली, पण टोपल्यांत पुन्हा थोडी थोडी कोळंबी दिसू लागली.

बाबा गेले तेव्हा दिवसकार्याला दादूस आले. ओसरीवर बसले आणि मला हाक मारली.

“पोरी, आता आमच्यावर पाळत कोन ठेवनार? आमच्या पोरांचा भरवसा न्हाय. माझा तं अजिबात न्हाय. तू येत जा.”

मला रडू आवरेना. “उद्याच येते,” मी म्हटलं.

“सांगून येऊ नको,” दादूस म्हणाले.