सांध्यातल्या रिंगा

आमच्या मातीच्या घराची एक भिंत दर पावसाळ्यात बसायची आणि ती पुन्हा उभारण्यात बाबांची मजुरी बुडायची. त्या घरातून मी इंजिनिअर झाले.

लाखनीत माझ्या देखरेखीतल्या शाळेच्या बांधकामावर सळई बांधणारा एक मिस्त्री होता. बोलण्याआधी तो पन्नीतला सुपारी-तंबाखूचा खर्रा घोटायचा. बीम-कॉलमच्या सांध्यात सळया आवळणाऱ्या रिंगा त्यानं घातल्याच नव्हत्या. हात जात नाही म्हणे. भूकंपात आधी तिथंच तुटतं, म्हणून मी स्लॅबचं काँक्रीट अडवलं.

"मॅडम, इथं भूकंप कोनं पाह्यला?"

"काका, खाली लेकरं बसतीन."

त्याचं घोटणं थांबलं. "बापानं तुमाले शिकवलं, अन् सजा आमाले," म्हणत त्यानं रिंगा घालायला बीमच्या बांधलेल्या सळया सोडवल्या.

दुसऱ्या दिवशी त्यानं एकेक रिंग ओढून दाखवली. आज तिथं शाळा भरते आणि एकाही सांध्यात रिंग कमी नाही.