रिकामं वावर

भोकरच्या हरिओमला लग्नाच्या शुटिंगला पोचल्यावर आधी मोबाइलवर नकाशा बघायची सवय लागली होती. नांदेडच्या विमानतळाभोवतीची ड्रोन उडवायची मनाई कुठवर येते, ते बघायचं आणि मगच ड्रोनची पेटी उघडायची. ड्रोन घेतला तेव्हा कुणी काही विचारत नव्हतं. मग नोंदणी आली, परीक्षा आली. ती देऊन पायलटचं प्रमाणपत्र हाती पडेतो नियम पुन्हा बदलले. गर्दीवरून उडवायचं नाही, एवढं मात्र पक्कं होतं. प्रमाणपत्र गेलं तर धंदाच गेला.

उमरीजवळच्या या लग्नात नवरीचे वडील शेषेराव मांडवाच्या दारातच भेटले.

"मंगलाष्टकं चालू झाली की मांडवावर गरगर फिरव."

"काका, माणसांवरून उडवता येत न्हाई."

"आमच्या शिवशंकरच्या लग्नात तर नवरदेवाच्या फेट्याला टेकवलं होतंस!"

"तवा कुठं होते एवढे नियम?"

"शुटिंग करायला आलास का वकिली?"

पाव्हणे हसले. हरिओमही हसला. त्याचीही आता सवय झाली होती.

शेवटी शेजारच्या रिकाम्या वावरावरून, लांबूनच मांडव टिपायचं ठरलं.

पहिलं मंगलाष्टक नीट पार पडलं. मग कुणीतरी ओरडलं, "शुटिंग तिकडं हाय!" अन् पिवळ्या ज्वारीच्या अक्षता मुठीत घेऊन माणसं वावरात शिरली. 'सावधान' ऐकू आलं की तिथूनच वर, ड्रोनवर उधळू लागली. हरिओमनं ड्रोन तुरीवर नेला, गर्दी बांधावर. ओढ्याकडं नेला, गर्दी ओढ्यात. मोकळी म्हणून शोधलेली जागा ड्रोन येताच भरून जाई. बॅटरी संपत आली.

"सरका हो, उतरवून राहिलो!"

उतरतोय म्हटल्यावर माणसं आणखीच जवळ आली. अखेर एका गोठ्याच्या पत्र्यावर त्यानं तो टेकवला. वळला तर धापा टाकत शेषेराव समोर.

"मांडवात अक्षता टाकायला भटजी अन् मामा दोघंच उरले रे! मंगलाष्टकं थांबवायला लावलीत. धाकटीच्या लग्नाला दुसरा बघतो, नियम न सांगणारा."

"हाव," हरिओम म्हणाला. भांडायचंही त्राण नव्हतं.

त्यानं गळ्यातला साधा कॅमेरा डोळ्याला लावला आणि मांडवाकडं चालू लागला. पाव्हणे फेटे सावरत त्याच्या मागोमाग निघाले.